बहिष्काराचा फटका वेटरला बसतो का? बसतो, पण आधी कुठला बहिष्कार ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा आलाय. अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या कमिटीत भांडण लागलंय. मोठं संमेलन घ्यायचंय, एका राज्यात हॉटेल आणि हॉल बरा मिळतोय, पण त्या राज्याने नुकताच असा एक कायदा केलाय की अर्धी कमिटी म्हणते तिथे एक डॉलर खर्च करायचा नाही, आणि उरलेली अर्धी म्हणते की कायदा केला आमदारांनी आणि उपाशी राहणार खोल्या साफ करणारी बाई, तिने कुणाचं काय घोडं मारलंय. दोन्ही पार्ट्यांनी मला विचारलंय की तू या धंद्यात इतकी वर्षं आहेस, खरं काय ते एकदा सांगून टाक.

तर आधी सरळ उत्तर. हो, फटका बसतो. आणि सगळ्यात आधी अशाच माणसाला बसतो ज्याचा त्या कायद्याशी काडीचा संबंध नाही. हे नाकारणारे लोक मला आवडत नाहीत, भले ते माझ्या बाजूचे असले तरी. पण "म्हणून बहिष्कार टाकूच नये" हा जो पुढचा उडी मारलेला निष्कर्ष आहे ना, तो मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला जरा जागा लागेल.

मी आधी हॉटेलच्या बाजूला होतो, बँक्वेटमधून सेल्समध्ये गेलो, आता टेबलाच्या पलीकडे बसतो म्हणजे संस्था-संघटनांच्या वतीने हॉटेलांशी कॉन्ट्रॅक्ट करतो. त्यामुळे कन्व्हेन्शन कॅन्सल झालं की पैसा कुठे अडतो आणि कुठे जातो हे दोन्ही बाजूंनी बघितलंय, आणि बाहेरच्या लोकांना नेमकं हेच माहीत नसतं.

समजा ६०० लोकांचं रात्रीचं जेवण आहे. दहा-दहाची ६० टेबलं, दोन टेबलांमागे एक सर्व्हर धरला तर ३० सर्व्हर, वर कॅप्टन, आदल्या रात्री टेबलं मांडणारा सेट-अप क्रू, मागे भांडी धुणारे, ज्यांना हॉटेलात स्टुअर्डिंग म्हणतात, शिवाय बारवाले, सामान उचलणारे. यातले बरेचसे ऑन-कॉल असतात. आठवड्याचं शेड्यूल भिंतीवर लागतं, नाव असेल तर यायचं, नसेल तर घरी बसायचं. जुन्या लोकांची एक यादी असते, त्यांना आधी काम, उरलं तर दुसऱ्या यादीवाल्यांना. बिलावर जो वीस-पंचवीस टक्के सर्व्हिस चार्ज लागतो त्याचा ठरलेला वाटा सर्व्हरांमध्ये वाटला जातो आणि त्यांची खरी कमाई ती असते, तासाचा पगार नुसता नावाला.

आता हे कन्व्हेन्शन कॅन्सल झालं. हॉटेलच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये कॅन्सलेशनचं कलम असतंच असतं, पायऱ्या-पायऱ्यांचं, म्हणजे दोन वर्षं आधी सोडलं तर थोडं भरायचं, सहा महिने आधी सोडलं तर निम्म्याच्या आसपास, अगदी तोंडावर सोडलं तर जवळजवळ सगळंच. संस्था चेक पाठवते. तो चेक जातो हॉटेलच्या मालकाकडे, जो बहुतेक वेळा त्या राज्यात राहतही नाही, कारण पाटी एका मोठ्या ब्रँडची, चालवणारी कंपनी दुसरी, आणि इमारत कुठल्यातरी गुंतवणूकदारांच्या फंडाची. आणि सर्व्हरला? शून्य. जेवण झालंच नाही तर सर्व्हिस चार्ज कसला आणि वाटा कसला. म्हणजे बघा, ज्याच्या खिशाला चिमटा बसावा म्हणून तुम्ही सोडून गेलात त्याला तुम्हीच नुकसानभरपाई दिलीत आणि ज्याचं हातावर पोट त्याची रात्र कोरडी गेली. युनियनच्या हॉटेलात आणखी एक गंमत असते, गंमत कसली, महिन्याला ठरावीक तास भरले तरच घरच्यांचा हेल्थ इन्शुरन्स चालू राहतो अशी अट बऱ्याच ठिकाणी असते, त्यामुळे दोन मोठे कार्यक्रम गेले की नुसती कमाई नाही जात, पोराच्या डॉक्टरचं बिल पण अंगावर येतं. आणि मेळावे कमी झाले की आजूबाजूच्या रेस्टॉरंटांतली गर्दी पण ओसरते, तिथे तर नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जियासारख्या राज्यांत टिपवाल्या वेटरला मालकाने द्यायचा किमान पगार ताशी २.१३ डॉलर आहे, बाकी सगळं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर.

हे झालं सही केल्यानंतर सोडून जाणाऱ्यांचं. सही करायच्या आधीच जे दुसरीकडे वळतात त्यांचा हिशोब एकदम वेगळा असतो. मोठी कन्व्हेन्शनं तीन-चार वर्षं, कधी त्याहूनही आधी बुक होतात. आज तुम्ही नाही म्हणालात तर आज कुणाची शिफ्ट जात नाही, पण शहरात मेळावे आणणाऱ्या कन्व्हेन्शन ब्युरोच्या डायरीत चार वर्षांनंतरच्या ऑक्टोबरात भोक पडतं आणि ते भोक हॉटेलमालकाला, मेयरला, चेंबर ऑफ कॉमर्सवाल्यांना आजच दिसतं. म्हणजे वरच्यांना धास्ती आधी आणि खालच्यांना नुकसान नंतर, आणि मधल्या काळात कायदा बदलला तर ते भोक दुसऱ्या कुणीतरी भरून पण टाकतं. हा फरक नीट डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता खरी उदाहरणं. ॲरिझोना, २३ एप्रिल २०१०, गव्हर्नर जॅन ब्रूवरनी एस.बी. १०७० वर (एस.बी. म्हणजे सिनेट बिल) सही केली. पोलिसांनी कुठल्याही कारणाने थांबवलं आणि त्यांना संशय आला की हा माणूस कागदपत्रांशिवाय देशात आहे तर तपासणी करायची, असा तो कायदा. आपल्याकडच्या एच-वन व्हिसावाल्यांनी सुद्धा तेव्हा गाडीत कागदांच्या कॉप्या ठेवायला सुरुवात केली होती, कारण गोरा सोडून बाकी सगळ्यांचा रंग संशयाचाच. टुसॉनचे तेव्हाचे खासदार राउल ग्रिहाल्वा, त्यांनी चक्क स्वतःच्याच राज्यात कन्व्हेन्शनं भरवू नका असं आवाहन केलं. लॉस एंजेलिसच्या सिटी कौन्सिलने ठराव केला, इमिग्रेशन वकिलांच्या संघटनेने स्कॉट्सडेलची कॉन्फरन्स हलवली, अल्फा फाय अल्फा या कृष्णवर्णीयांच्या जुन्या फ्रॅटर्निटीने फिनिक्सचं अधिवेशन लास व्हेगसला नेलं.

नुकसान किती झालं? नोव्हेंबर २०१० मध्ये सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेसने ॲरिझोनातल्याच एका अर्थतज्ज्ञांच्या फर्मकडून हिशोब करून घेतला, त्यात कन्व्हेन्शनला येणाऱ्यांचा सुमारे १४१ मिलियन डॉलरचा थेट खर्च बुडाला आणि दोन-तीन वर्षांत मिळून सुमारे २,७६१ नोकऱ्यांएवढं काम गेलं असं निघालं. हे आकडे देणारी संस्था कायद्याच्या विरोधातली होती हे पण सांगून ठेवतो. शिवाय त्याच सुमारास मंदी होती, २००८ च्या बेलआउटनंतर, म्हणजे सरकारी पैशाने बँका वाचवल्यावर, कंपन्यांना रिसॉर्टमध्ये मीटिंग घ्यायचीच लाज वाटायला लागली होती, स्कॉट्सडेलची हॉटेलं आधीच रडत होती. त्यामुळे कुठला ग्रुप कायद्यामुळे गेला आणि कुठला खिशामुळे, हे छातीठोकपणे सांगणं अवघड. जाणारा ग्रुप खरं कारण सांगतोच असं नाही, काही जणांनी तत्त्वाचं नाव सांगून स्वस्तातलं शहर गाठलं हे मला पक्कं वाटतं.

पण मुद्दा हा की ज्या हॉटेलांत शिफ्ट कमी झाल्या तिथे भांडी घासणारे, खोल्या आवरणारे कोण होते? बहुतांश मेक्सिकन कुटुंबांतले. म्हणजे ज्यांना त्या कायद्याची सगळ्यात जास्त भीती होती तेच. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात तसं झालं, आणि विरोधक लगेच हेच बोट दाखवत होते. मात्र त्याच लोकांच्या बोलण्यात मी हे पण ऐकलंय की शिफ्ट गेली तर पुढच्या महिन्यात येईल, कामावर येताना नवऱ्याची गाडी थांबवली तर तो परत येणार नाही. दोन नुकसानं एकाच तराजूत घालताना हे दुसरं पारडं लोक सोयीस्कर विसरतात. २८ जुलै २०१० ला फेडरल जज सुसान बोल्टन यांनी कायद्याची मुख्य कलमं अडवली, लगेच ग्रिहाल्वांनी आपलं आवाहन मागे घेतलं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत ते नेहमीपेक्षा बऱ्याच कमी मतांनी निवडून आले, घरच्याच राज्यावर बहिष्कार मागणं फुकट पडत नाही.

पुढची गोष्ट फार कमी लोक सांगतात. मार्च २०११ मध्ये राज्याच्या सिनेटसमोर आणखी पाच कडक इमिग्रेशन बिलं आली. तेव्हा ॲरिझोनातल्या ६० कंपन्यांच्या प्रमुखांनी सिनेटचे अध्यक्ष रसेल पिअर्स यांना पत्र लिहिलं की बास करा, राज्याचं नाव खराब होतंय आणि धंदा जातोय. पाचही बिलं पडली. पिअर्स म्हणजे एस.बी. १०७० चे जनक, त्यांना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी रिकॉल करून, म्हणजे मुदतीआधीच मत देऊन, घरी बसवलं. म्हणजे बहिष्काराने झालेला कायदा पुसला गेला नाही, ते काम कोर्टाने केलं, तेही अर्धवट, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने चारातली तीन कलमं उडवली आणि एक ठेवलं. पण येऊ घातलेले कायदे अडले. आणि २०१४ मध्ये त्याच ब्रूवरबाईंपुढे एस.बी. १०६२ आलं, धर्माचं कारण सांगून समलैंगिक गिऱ्हाइकाला सेवा नाकारायची मुभा देणारं, तेव्हा त्यांनी व्हेटो केला. पुढच्याच वर्षी सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, ॲरिझोनातल्याच ग्लेनडेलला होता. ॲरिझोनावाल्यांना एक जुनी आठवण होती, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी १९९० मध्ये मतदारांनी नाकारली म्हणून एनएफएल या फुटबॉल लीगने १९९३ चा सुपर बोल टेंपीतून काढून पॅसाडिनाला नेला होता, मग १९९२ ला लोकांनी सुट्टी मंजूर केली आणि १९९६ चा सुपर बोल टेंपीला मिळाला. एकदा तोंड पोळलं की माणूस ताक पण फुंकून पितो.

नॉर्थ कॅरोलायनाचं प्रकरण मला जास्त शिकवण्यासारखं वाटतं. मार्च २०१६, एच.बी. २, सगळीकडे "बाथरूम बिल" म्हणून गाजलं, ट्रान्सजेंडर लोकांनी सरकारी इमारतींत जन्मदाखल्यावरच्या लिंगाप्रमाणेच बाथरूम वापरायचं. बातम्यांत बाथरूमच बाथरूम. पण त्याच बिलात एक कलम होतं जे कुणी वाचलंच नाही, कुठल्याही शहराला आपल्या हद्दीतल्या खासगी मालकांसाठी राज्यापेक्षा जास्त किमान वेतन ठरवता येणार नाही. शिवाय भेदभाव झाला म्हणून नोकरीवरून काढलं तर राज्याच्या कोर्टात दाद मागायचा हक्कही त्यात काढून घेतला होता, आरडाओरडा झाल्यावर काही महिन्यांनी तो परत दिला. म्हणजे शार्लटच्या हॉटेलातल्या बाईचं नुकसान फक्त बहिष्कार करणार होता आणि कायदा तिच्या बाजूने होता असं कुणी सांगत असेल तर त्याला हे कलम दाखवा. २०१३ मध्ये त्याच विधिमंडळाने बेकार भत्ता आठवड्याला जास्तीत जास्त ३५० डॉलरवर आणला होता आणि आठवडे पण कापले होते. ज्यांनी हे केलं तेच तीन वर्षांनी टीव्हीवर येऊन म्हणत होते, बिचाऱ्या कामगारांचा विचार करा!

पेपालने शार्लटमध्ये ४०० लोकांचं ऑफिस काढायचं जाहीर केलं होतं ते रद्द केलं, डॉइश बँकेने कॅरीतल्या २५० नोकऱ्यांची वाढ थांबवली, ब्रूस स्प्रिंगस्टीनने ग्रीन्सबरोचा शो कॅन्सल केला, एनबीएने २०१७ ची ऑल-स्टार मॅच न्यू ऑर्लिन्सला नेली, एनसीएए या कॉलेजांच्या खेळांच्या संघटनेने सात स्पर्धा हलवल्या. एपी वृत्तसंस्थेने मार्च २०१७ मध्ये जोडून काढलं की कायदा तसाच राहिला तर बारा वर्षांत ३.७६ बिलियन डॉलरचं नुकसान. आकडा मोठा वाटतो पण राज्याची वर्षाची उलाढालच ५०० बिलियनच्या वर, त्यामुळे राज्य म्हणून खरचटलं इतकंच. पण ते खरचटणं सगळीकडे सारखं पसरत नाही हो. ग्रीन्सबरोच्या अरिनातला हॉट डॉग विकणारा, शार्लटमधला शटल ड्रायव्हर, एवढ्या मोजक्या लोकांवर ते गोळा होतं. टक्केवारी दाखवून "काही विशेष नुकसान नाही" म्हणणारे इथे फसतात आणि "राज्य बुडालं" म्हणणारे पण.

मग इथे कायदा हलला कसा? एनसीएएने सांगितलं होतं की २०२२ पर्यंतच्या स्पर्धांची ठिकाणं आता ठरणार आहेत, अमुक तारखेपर्यंत काही झालं नाही तर तुमचं राज्य यादीतच नाही. कॉलेज बास्केटबॉल म्हणजे त्या राज्याचा जीव की प्राण. ३० मार्च २०१७ ला, मुदत संपता संपता, एच.बी. २ रद्द करणारं बिल पास झालं. अर्धवटच, शहरांनी नवे भेदभावविरोधी नियम करायला डिसेंबर २०२० पर्यंत बंदी ठेवली, बऱ्याच ट्रान्स लोकांना हा सौदा म्हणजे फसवणूक वाटली आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण एनबीएची ऑल-स्टार २०१९ ला शार्लटला आली. इथे तीन गोष्टी जुळून आल्या होत्या, मागणी एकच आणि स्पष्ट होती, तारीख होती, आणि परत येण्याचं वचन होतं.

जाता जाता एक किस्सा. एनसीएएने २०१७ च्या सामन्यांपैकी काही ग्रीन्सबरोतून उचलून शेजारच्या साउथ कॅरोलायनात ग्रीनव्हिलला नेले, आणि तिथे नॉर्थ कॅरोलायनाची नावाजलेली ड्यूकची टीम यजमान राज्याच्याच टीमकडून हरली. गंमत अशी की हेच साउथ कॅरोलायना २०१५ पर्यंत स्वतः एनसीएएच्या काळ्या यादीत होतं, विधिमंडळासमोर कॉन्फेडरेट, म्हणजे गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचा, झेंडा फडकत होता म्हणून. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या संघटनेचा बहिष्कार तर २००० पासून चालू होता. पंधरा वर्षं! झेंडा उतरला तो चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ माणसं मारली गेल्यानंतर. इतका लांबलेला बहिष्कार हा बहिष्कार उरत नाही, धंदा त्याच्याभोवतीने वाट काढतो, आणि ज्या हॉटेलवाल्यांना मोठ्या स्पर्धा मिळायच्या थांबल्या ते गोल्फ आणि लग्नांवर भागवायला शिकतात.

असाच आणखी एक नमुना कॅलिफोर्नियाचा. २०१७ पासून नियम, समलैंगिकांविरुद्ध कायदे करणाऱ्या राज्यांत सरकारी खर्चाने प्रवास नाही. सुरुवातीला चार-दोन राज्यं, होता होता यादी २६ वर गेली, अर्ध्या देशावर बहिष्कार. संशोधकांना कॉन्फरन्सला जाता येईना, टीम्सना खेळायला जायचं तर पैसे दुसरीकडून आणावे लागत होते, आणि कायदे काही थांबले नाहीत, उलट वाढतच गेले. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियानेच तो नियम मागे घेतला. सॅन फ्रान्सिस्को शहराची यादी तर ३० राज्यांपर्यंत गेली होती, त्यांनीही त्याच वर्षी गुंडाळली. त्या २६ राज्यांतल्या कुठल्याही एका गव्हर्नरला यामुळे झोप लागली नाही असं मला वाटत नाही. सगळ्यांवर बहिष्कार म्हणजे कुणावरच नाही.

आता जॉर्जिया, कारण "कामगारांचं नुकसान" हा वाद सगळ्यात जोरात तिथेच झाला. २५ मार्च २०२१, एस.बी. २०२, मतदानाचे नियम कडक करणारा कायदा. दोन आठवड्यांच्या आत मेजर लीग बेसबॉलने ऑल-स्टार मॅच अटलांटाजवळच्या कॉब काउंटीतून काढून डेन्व्हरला दिली. पण गंमत बघा, कायद्याविरुद्ध सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या स्टेसी एब्रम्स यांनीच बहिष्कार टाकू नका म्हणून विनवलं होतं, टायलर पेरी, ज्यांचा तिथे अख्खा फिल्म स्टुडिओ आहे, त्यांनी पण तेच सांगितलं. कारण स्टेडियमवर, हॉटेलांत, सेटवर काम करणारे बरेचसे तेच कृष्णवर्णीय लोक ज्यांच्या मतांसाठी ही लढाई होती, आणि कॉब काउंटीने तर २०२० मध्ये बायडनना मत दिलं होतं. १०० मिलियन डॉलर बुडाले असं तिथल्या पर्यटनवाल्यांनी सांगितलं. एका मॅचने शहराला नेमका किती पैसा मिळतो याचे असले आकडे मी अर्धेच धरतो, आमच्या धंद्यात ते फुगवायची सवयच आहे. पण मुद्दा तो नाही. लीगने कुठली अटच घातली नाही, काय केलंत तर परत येऊ हे सांगितलंच नाही. कायदा आजही आहे, आणि २०२५ ची ऑल-स्टार मॅच गुपचूप त्याच स्टेडियमवर झाली. नुकसान झालं, मिळालं काही नाही. तुमच्या कमिटीतल्या दुसऱ्या पार्टीने उदाहरण द्यायचं तर हे द्यावं.

मग फरक कशाने पडतो? माझं मत असं की ज्याला फटका बसणार आहे त्यानेच तो मागितलाय का, हा पहिला प्रश्न. १९५५ चं मॉन्टगोमेरी बघा. बसमध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणाऱ्या कायद्याविरुद्ध ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस कृष्णवर्णीयांनी बसमध्ये पाय ठेवला नाही. बसमधले तीन-चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय, आणि त्यात कोण, तर गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणीभांडी करणाऱ्या बायका. कामगारांना त्रास झाला का? मैलोनमैल चालून पायांचे तुकडे पडले, बोला. रोझा पार्क्स ज्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शिवणकाम करायच्या तिथली नोकरी महिन्याभरातच गेली, नंतर शहर सोडून डेट्रॉइटला जावं लागलं. जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीणबाई होत्या, किंग यांच्यावरच्या खटल्यात साक्ष दिली म्हणून त्यांना कामावरून काढलं, तर त्यांनी घरीच जेवण करून विकायला सुरुवात केली, केक-पाय आणि चिकन विकून बायकांनी आंदोलनाला पैसे जमवले, गटाचं नाव "क्लब फ्रॉम नोव्हेअर", म्हणजे पैसे कुठून आले विचारलं तर उत्तर कुठूनच नाही. त्या बायकांना जाऊन कुणी सांगितलं असतं की बाई बहिष्काराने कामगारांचं नुकसान होतं, तर त्यांनी लाटणंच काढलं असतं. शेवटी कायदा रद्द केला कोर्टाने हे तिथेही खरं, पण वर्षभर बसकंपनीचा गल्ला रिकामा राहिला तो या बायकांमुळे.

आणि आपल्याकडे लांब कशाला जायचं. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला बाबू गेनू कोण होता? गिरणी कामगार. दुसऱ्या टोकाला लँकेशायरचे गिरणी कामगार, ज्यांचे माग बंद पडले. गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये डार्वेनला त्यांच्यात जाऊन बसले, त्यांचं नुकसान झालंय हे नाकारलं नाही, माझ्या देशातली गरिबी तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे एवढं तोंडावर सांगितलं, आणि त्या बायाबापड्यांनी त्यांचं स्वागत केलं, तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. अर्थात लँकेशायर बुडालं त्यात जपानी कापडाचा आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांचाही मोठा हात होता, आणि इथल्या गिरणीमालकांनी त्या बहिष्कारावर बक्कळ कमावलं हे पण लिहून ठेवा, बहिष्कारात कुणाचं तरी दुकान चालतंच. ज्याचं नुकसान होणार त्याच्या समोर जाऊन बसायची तयारी मात्र आजकालच्या ट्विटरवाल्या बहिष्कारात मला दिसत नाही.

वर्णभेदाच्या काळातल्या दक्षिण आफ्रिकेबद्दल ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाई सतत म्हणायच्या की निर्बंधांनी काळ्या कामगारांचंच नुकसान होईल. तिथली सगळ्यात मोठी कामगार महासंघटना कोसाटू, १९८५ ला स्थापन झालेली, तिने निर्बंधांना पाठिंबा दिला. पण ते भोळे नव्हते. १९८६ मध्ये जनरल मोटर्सने देश सोडतोय म्हणून धंदा स्थानिक मॅनेजरांना विकायचं जाहीर केलं तेव्हा पोर्ट एलिझाबेथच्या कामगारांनी संप केला, जाताय तर जा, पण आमची नुकसानभरपाई टाका आधी. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण बहिष्कार पाहिजे आणि हिशोब पण पाहिजे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडी येऊ शकतात हे त्यात दिसतं.

आणि हॉटेलमालकांच्या कळवळ्याबद्दल थोडं. कोविडनंतर बऱ्याच हॉटेलांनी रोजची खोलीसफाईच बंद केली, गिऱ्हाइकाने मागितली तरच. हाउसकीपिंगच्या किती बायकांचे तास त्यात गेले याचं गणित करा, युनाइट हिअर ही हॉटेल कामगारांची युनियन त्यावर ओरडून ओरडून थकली. तेव्हा कुठल्या चेंबर ऑफ कॉमर्सने सामान्य कामगाराच्या नावाने पत्रक काढल्याचं मी तरी पाहिलं नाही.

आता तुमच्या कमिटीचं. तुमची सही झालेली नाही असं तुमच्या बोलण्यावरून वाटतंय, मग अर्धा प्रश्न सुटला, कारण सही व्हायच्या आधी दुसरीकडे जाण्यात आजच्या कुठल्याच सर्व्हरची शिफ्ट जात नाही. सही झालेली असती तर मी सांगितलं असतं की कार्यक्रम वर्षाच्या आत असेल तर जा, कार्यक्रम करा, कारण कॅन्सलेशनचा चेक मालकाला आणि कोरडी रात्र वेटरला, वर सांगितलंच. तिथे जायचं ठरलं तर युनियनचं हॉटेल आहे का बघा, टिपा सढळ हाताने द्या, आणि मंडळाच्या व्यासपीठावरून त्या कायद्याविरुद्ध लढणाऱ्या तिथल्याच लोकांना दहा मिनिटं बोलायला द्या. मात्र नवीन कॉन्ट्रॅक्ट कुठेही करा, त्यात एक कलम घालून घ्या की सही झाल्यावर राज्याने आमच्या सभासदांशी भेदभाव करणारा कायदा केला तर दंड न भरता निघता येईल. आधी हॉटेलं हसायची, आता बरीच वाटाघाटीला तयार होतात, निदान मुदत आणि रक्कम यावर तरी. आणि ज्यांना कायद्याची झळ बसते त्यांच्या तिथल्या संघटनेला एक फोन करा, तुम्हाला आम्ही यायला हवंय की नकोय. ते या म्हणाले तर तुमच्या तत्त्वापेक्षा त्यांचं म्हणणं मोठं माना, जॉर्जियात हेच कुणी केलं नाही.

नाही जायचं ठरलं तर पत्र लिहा. गव्हर्नर, त्या भागातले आमदार, कन्व्हेन्शन ब्युरो, आणि कॉपी हॉटेलच्या जनरल मॅनेजरला. लांबण नको, किती खोल्या, किती रात्री, अंदाजे किती खर्च, कुठल्या कायद्यामुळे जातोय आणि नेमकं काय बदललं तर पुढच्या वेळी परत येऊ, दोन परिच्छेदांत. पत्र न पाठवता नुसते दुसऱ्या शहरात गेलात तर ब्युरोवाले लॉस्ट बिझनेसच्या रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात "रेट जास्त वाटला" असं टाकून पुढच्या ग्रुपला फोन लावतील.